वीस महिन्यांनी पहिली ते चौथी : द्विशिक्षकी शाळेत नेमकी तयारी काय करावी?

डोंगरपाखरू (प्रश्न)

नमस्कार. कोरोनामुळे वीस महिने बंद असलेले ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून भरणार आहेत. शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पट ३८ : पहिली १०, दुसरी ९, तिसरी ९, चौथी १०. खोल्या दोन, प्रत्येकी २० बाय २५ फूट, उंची १० फूट, वर पत्रा. एका खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत, दुसरीला फक्त व्हरांड्याच्या बाजूला दोन. एप्रिल-मेमध्ये शाळेत विलगीकरण कक्ष होता, त्यानंतर खोल्या बंदच आहेत. ५०० लिटरची टाकी, चार नळ. दोन्ही शिक्षकांचे दोन डोस झालेत. मला मधुमेह आहे.

सूचनापत्रकं भरपूर आली आहेत, पण हाताशी चार दिवस आणि थोडेच पैसे आहेत. आधी काय करायचं, काय सोडलं तरी चालेल, आणि पहिल्या आठवड्यात मुलांना नेमकं काय शिकवायचं? पहिलीच्या मुलांनी अंगणवाडीसुद्धा धड पाहिलेली नाही.

तुरटी

ताई, सुरुवात पाण्यापासून करा, कारण बंद शाळेत सगळ्यात जास्त बिघडलेलं तेच असतं. टाकीत तळाला गाळ आणि भिंतीला बुळबुळीत थर असणार. टाकी रिकामी करून ब्रशने घासा, गाळ बाहेर काढा, पुन्हा भरा. ५०० लिटरला ३३ टक्क्यांची ७५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर घ्या, म्हणजे लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडतं. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणीच ओता. चारही नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडे ठेवा, मग बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी सगळं पाणी सोडून द्या, पण झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका.

रोजच्या पिण्याच्या पाण्याला मात्र हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते, म्हणजे तुमच्या टाकीला सव्वा ग्रॅम. एवढं मोजायला चमचा उपयोगाचा नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली असते. त्यांना बोलवा, पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग आला पाहिजे. रंग येत नसेल तर पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली पावडर काही आठवड्यांत निकामी होते, ओलसर गोळे झाले असतील तर घेऊच नका.

हात धुण्याचं गणित आधी करून ठेवा. एका मुलाला साबणासकट ४० सेकंद धरले तर ३८ मुलांना चार नळांवर साडेसहा मिनिटं लागतात. आल्यावर, डब्याआधी आणि शौचालयानंतर अशा तीन वेळा आणि दर वेळी पाऊण लिटर धरलं तर दिवसाला ८५-९० लिटर होतात. साबणाच्या वड्या नळाशेजारी सुट्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी गटारात सापडतात. जुन्या मोज्यात वडी घालून गाठ मारा आणि नळाला टांगा. फेस मोज्यातूनच येतो आणि वडी जास्त दिवस टिकते.

खर्चाचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठीच असतो. साबण, पावडर, बादल्या त्यातून बसतात. पावत्या जपून ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंद करून घ्या.

खोल्यांना एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी करून घ्या. विलगीकरण कक्ष होता म्हणताय, तेव्हा फवारणी हवीच.

मोकळी हवा

तुरटींचं पाण्याबद्दलचं सगळं पटलं, फवारणीचं नाही. एप्रिल-मेमध्ये तिथे रुग्ण होते, आता नोव्हेंबर संपत आलाय. हा विषाणू बाक-भिंतींवर तास नाहीतर फार तर काही दिवस तग धरतो, सहा महिने नव्हे. खोल्यांत खरं काय सापडणार? उंदराच्या लेंड्या, गांधीलमाशांची पोळी, वाळवी लागलेली पुस्तकं, कुरतडलेल्या वायरी. लाइट-पंखे लावण्याआधी वायरमनला एकदा बोर्ड उघडून दाखवा. झाडलोट कोरड्या झाडूने करू नका, आधी पाणी शिंपडा, नाक-तोंड बांधा. लेंड्यांवर आधी हायपोक्लोराइटचं पाणी ओतून दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचला.

त्यानंतर फरशी आणि दारांच्या कड्या साबणाच्या पाण्याने पुसा. पुसलेल्या जागेला ०.१ टक्का हायपोक्लोराइट पुरतो. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर मिश्रणात २० मिलिलिटर. एक टक्का म्हणजे २०० मिलिलिटर द्रावण आणि ८०० मिलिलिटर पाणी, तो शौचालयासाठी ठेवा. रोज ताजं बनवा. आणि एक गोष्ट स्वयंपाकीताई, शिपाई, पालक, जो कोणी साफसफाईला येईल त्याला समोर उभं करून सांगा : शौचालय धुण्याचं ॲसिड आणि हे द्रावण कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, बंद शौचालयात माणूस गुदमरतो.

आता तुमच्या दुसऱ्या खोलीकडे येतो, कारण माझ्या मते तुमचे पैसे तिथे गेले पाहिजेत. संसर्ग मुख्यतः श्वासातून पसरतो. साचलेल्या हवेच्या खोलीत सहा फुटांचं अंतरही पुरेसं होत नाही. खोलीचं घनफळ साधारण १४० घनमीटर भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. १९ मुलं आणि एक शिक्षक, म्हणजे सेकंदाला २०० लिटर, तासाला ७२० घनमीटर. थोडक्यात तासाला पाच वेळा खोलीची हवा बदलायला हवी.

एका बाजूच्या खिडक्यांनी हे होत नाही. वारा आत शिरायला एक तोंड आणि बाहेर पडायला समोर दुसरं तोंड लागतं. मागच्या भिंतीत उंचावर १२ इंची एक्झॉस्ट पंखा बसवून घ्या. विकत घेताना पंख्याचा आकार बघून समाधान मानू नका, खोक्यावरचा हवेचा आकडा वाचा : तासाला ८०० घनमीटरच्या वर हवा. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर त्याला १.७ ने गुणा. पंख्याला लागून खिडकी असेल तर ती बंद ठेवा. नाहीतर पंखा शेजारच्या खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि मुलांच्या डोक्यावरची हवा जागची हलत नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते. छताचा पंखा हवा नुसती घुसळतो, बदलत नाही. खिडक्या उघड्या असतील तरच तो लावा.

तपासायला उदबत्ती पुरते. खोलीच्या मधोमध मुलांच्या तोंडाच्या उंचीवर धरा. धूर कुठे जातो बघा. एका कोपऱ्यात घुटमळत असेल तर तिथे कोणाला बसवू नका.

केंद्रातल्या आसपासच्या शाळांनी मिळून एखादा कार्बन डायऑक्साइड मीटर घेतला तर आळीपाळीने फिरवता येईल. एनडीआयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा) लिहिलेलाच घ्या. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजाचा आकडा दाखवतात, त्यांच्याजवळ सॅनिटायझर चोळलं की आकडा उसळतो. बाहेर मोकळ्यावर ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास दिसलं पाहिजे. वर्गात ८०० च्या खाली उत्तम. हजाराच्या वर गेलं की मुलांना बाहेर काढा.

वीजच नसेल किंवा बिलासाठी तोडली असेल, तर त्या खोलीत वर्ग भरवू नका. फक्त साहित्य ठेवा. डिसेंबरात अंगणातलं ऊन मुलांना हवंहवंसंच वाटतं.

पहाटवारा

बैठकीची मापं देते. जुलै २०२१ च्या शासन निर्णयात वर्गात १५ ते २० मुलं आणि सहा फूट अंतर आहे. पटाकडे बघून १९-१९ बसतील असं वाटतं, पण फळ्यासमोर सहा फूट सोडले की उरतात १९ फूट. त्यात चार ओळी आणि २० फुटांच्या रुंदीत चार रांगा. म्हणजे सोळाच. उरलेल्या तिघांची जागा व्हरांड्यात, दारासमोर, फळा दिसेल अशी. दर दिवशी तिघं बदला, नाहीतर मागे राहिलेल्यांनाच बाहेर बसवल्यासारखं होतं. बसकरपट्ट्या अंथरू नका, मुलं सरकत सरकत एकत्र येतात. ऑइलपेंटने फरशीवर चौकोन आखा आणि प्रत्येकाला घरून पोतं किंवा आसन आणायला सांगा. चुन्याची रेघ दोन दिवसांत पुसली जाते.

तापमापकाच्या बंदुकीवर फार भिस्त ठेवू नका. उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं, गार वाऱ्यात सायकलवर आलेल्याचं थंड. सावलीत पाच मिनिटं बसवून, कपाळ पुसून, बंदुकीबरोबरच्या पत्रकात दिलेल्या अंतरावरूनच मोजा. १००.४ फॅरनहाइटला ताप धरा. आकड्यापेक्षा आईला विचारलेला एक प्रश्न जास्त कामाचा : रात्री ताप, उलटी, जुलाब, घरात कोणी आजारी? ऑक्सिमीटर शाळेत असेल तर बोट गरम करून लावा. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो.

मास्कचं वय लक्षात ठेवा. आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या जून २०२१ च्या सूचनेत पाच वर्षांपर्यंत मास्क नको आणि ६ ते ११ वयाला मोठ्यांच्या देखरेखीखाली, असं आहे. तेव्हा पहिलीच्या मुलाने दिवसभर मास्क लावलाच पाहिजे म्हणून त्याच्या मागे लागू नका. खेळताना, पळताना काढायचा. ओला झाला की बदलायचा, म्हणून शाळेत २०-२५ धुतलेले कापडी मास्क जादा ठेवा. मुलं एकमेकांशी मास्क बदलतात, कारण दुसऱ्याचा आवडतो! प्रत्येकाच्या मास्कवर दोऱ्याने खूण घाला.

तुमच्यासाठी : झडप नसलेला एन-९५, शक्यतो डोक्यामागून पट्टे जाणारा. त्यावर आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण बघा. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकाची तार नीट बसलेली नाही. पाच मास्क घ्या, वारांची नावं लिहिलेल्या कागदी पाकिटांत ठेवा, एकाची पाळी आठवड्याने येईल. धुवायचा नाही, पट्टा सैल पडला की टाकून द्यायचा. आणि सगळ्यात मोठी चूक वर्गात नाही, कार्यालयात होते. दोघं शिक्षक मास्क काढून समोरासमोर डबा खातात. डबा बाहेर झाडाखाली, लांब लांब बसून खा. मधुमेहात जेवणाची वेळ पुढे ढकलू नका आणि मास्कमुळे पाणी पिणं कमी होतं त्याकडेही लक्ष ठेवा. दर तासिकेनंतर बाहेर जाऊन चार घोट घ्या.

अआइई

शिकवण्याबद्दल. सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा होता. मोबाइल नसलेल्या घरात तो पोहोचला नसणार. त्यामुळे "चौथीचं पुस्तक पान १" ही सुरुवात करू नका. पहिले तीन दिवस प्रत्येक मुलाची पातळी एकेकट्याला जवळ बसवून बघा. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर ३८ मुलांचे तीन तास होतात. दोघांत वाटले तर रोज अर्धा तास.

साहित्य एका कागदावर मावतं. चार वाक्यांचा सोपा परिच्छेद आधी द्या. तो वाक्य म्हणून वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका नाहीत, तर सात-आठ वाक्यांची गोष्ट द्या. शब्द शब्द सुटे करून वाचला तर खाली, शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द वाचता आले तर मूल शब्द पातळीवर. नाहीतर पाच अक्षरं. अक्षरंही चार आली नाहीत तर प्रारंभिक. गणितात आधी हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्या, ती सुटली तर तीन अंकी संख्येला एक अंकीने भागाकार. नाही जमली तर ९९ पर्यंतचं संख्यावाचन, मग ९ पर्यंतचं. तपासताना चुका दुरुस्त करू नका, "चुकलं" म्हणू नका, बाकी मुलांसमोर वाचायला लावू नका. वीस महिन्यांनी आलेलं मूल त्या एका शब्दाने पुढचे आठ दिवस तोंड उघडत नाही.

मग रोज दीड-दोन तास पातळीप्रमाणे गट. चौथीतलं मूल अक्षरांवर असेल तर ते अक्षरांच्याच गटात. बाराखडीच्या तक्त्यावर रोज एक ओळ मोठ्याने वाचायची, मग त्यातल्या अक्षरांनी शब्द बनवायचे. गणिताला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. हातचा म्हणजे एक गठ्ठा सोडणं, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा आणि गट बदला.

पहाटवारा

अआइई, पातळीचे गट मलाही पटतात, पण तसे केले तर चारही इयत्तांची मुलं एकमेकांत मिसळतात. एक मूल बाधित निघालं तर दोन्ही खोल्या बंद करायची वेळ येते. ठरावीक गट ठेवण्याचा हेतूच निघून जातो.

अआइई

रास्त आहे. मग गट खोलीपुरते ठेवा : पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, प्रत्येक खोलीत दोन-तीन पातळ्या. तिसरी-चौथीतली अक्षरांवर असलेली मुलं पहिलीबरोबर बसवायची गरजच नाही, नऊ वर्षांच्या मुलाला त्यात कमीपणाही वाटतो. चारही इयत्तांचं एकत्र काही करायचंच असेल तर ते मैदानात. परिपाठही मैदानात आणि छोटा करा. मोठ्याने समूहगान बंद खोलीत नकोच.

डोंगरपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. खोलीपुरते गट हे जमण्यासारखं आहे. आणखी तीन शंका. मास्क लावून पहिलीला अक्षरांचे उच्चार कसे दाखवायचे? पटावरची ११ मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, त्यांचं काय करायचं? आणि गावात तीन घरांत कोरोनाने माणसं गेली, त्या घरातल्या मुलांशी पहिल्या दिवशी कसं वागावं?

अआइई

उच्चारांचं : मास्कने ओठ झाकले जातात, म्हणून प, फ, ब, भ, म ही ओठांनी बोलायची अक्षरं ओळखताना मुलं गोंधळतात. च, स, श हे कापडातून बोथट ऐकू येतात, एन-९५ मधून जास्तच. उपाय असा की ओठ बघायचा पाठ रोज दहा मिनिटं मैदानात घ्या. तुम्ही मुलांपासून दहा फूट लांब, मास्क खाली करून, तेवढ्यापुरतं. प आणि फ चा फरक मुलांना मास्क लावूनही कळतो : तोंडासमोर तळहात धरला की फ ला हवेचा झोत लागतो, प ला जवळजवळ नाही. न-ण आणि ल-ळ ओठांवर दिसतच नाहीत, तिथे हात वापरा. तळहात सरळ म्हणजे न, बोटं मागे वळवली म्हणजे ण, जीभ तशीच वळते. चाक आणि चार यांतला च वेगळा आहे हे शब्दांतूनच ऐकवा, नियम सांगू नका. पारदर्शक फेस शील्ड मास्कच्या जागी चालत नाही, खालून-बाजूने हवा मोकळी सुटते.

आवाज चढवून शिकवू नका, आठवड्यात घसा बसेल. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कॉलर माइक मिळतो, पाच वॅटचा एका खोलीला पुरतो. माइक मास्कच्या बाहेर, गालाजवळ ठेवा. मास्कला घासला तर नुसती खरखर ऐकू येते.

तुरटी

ऊसतोडीच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं) भरलं होतं का बघा. राहिलं असेल तर आत्ताही भरता येतं. मुकादमाला फोन करून कारखाना आणि फडाचा मुक्काम विचारा, तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर त्या केंद्राच्या केंद्रप्रमुखांकडून मिळेल. कार्डावर इयत्तेबरोबर पातळीही लिहा : "चौथी, शब्द वाचतो, हातच्याची वजाबाकी येत नाही." नुसत्या इयत्तेवरून समोरच्या शिक्षकाला काही कळत नाही. आजी-आजोबांकडे मूल ठेवायला घर तयार असेल तर गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, समितीच्या पहिल्याच बैठकीत विषय घ्या. मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततील तेव्हा त्यांची पातळी तपासायला तोच कागद ठेवा. आणि त्यांची नावं हजेरीतून काढू नका.

पहाटवारा

शेवटच्या प्रश्नाचं काम १ तारखेच्या आधी करायचं आहे. आशाताई आणि अंगणवाडीताईंना भेटून कुठल्या घरात कोण गेलं, मूल आता कोणाजवळ राहतं, हे लिहून घ्या. हजेरी घेताना "वडिलांना सही करायला सांग" असं तोंडातून जायला नको. संमतिपत्रावर "पालक" एवढंच छापा. "सुट्टीत काय काय केलं" हा निबंध आणि "माझे बाबा" हे चित्र या महिन्यात देऊ नका. मूल स्वतःहून बोललं तर ऐका, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका, "रडू नको" म्हणू नका. त्याला फळा पुसणं, काड्यांचे गठ्ठे वाटणं असं रोजचं ठरलेलं काम द्या.

कागदपत्रांकडेही बघा. दोन्ही पालक गेले असतील तर राज्य शासनाने २०२१ मध्ये मुलाच्या नावे पाच लाखांच्या मुदत ठेवीची योजना आणली आहे. एकच पालक गेला असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय. मृत्यूचा दाखला आणि कोरोना चाचणीचा अहवाल नातेवाइकांकडून लवकर शोधून घ्या, घरं आवरताना हे कागद हरवतात. शाळेचा बोनाफाइड दाखला तुम्ही स्वतःच करून ठेवा, म्हणजे मुलाला सांभाळणाऱ्या आजीला हेलपाटा पडणार नाही. मूल कुठल्या अडचणीत आहे असं वाटलं तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

वर्गात कोणाला ताप भरला तर मोकळ्या व्हरांड्यात, सावलीत, एका मोठ्या माणसाबरोबर बसवा, बंद कार्यालयात नको. पालकांना फोन करा, आशाताईंना कळवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात चाचणी. अहवाल येईपर्यंत त्या खोलीतल्या मुलांच्या पालकांना एवढंच सांगा : "वर्गात एकाला ताप आहे, घरी लक्ष ठेवा." नाव सांगू नका. हिवाळ्यात निम्म्या मुलांची नाकं वाहतात, नुसत्या शेंबडावर घरी पाठवलं तर वर्ग रिकामा होईल. ताप, सततचा खोकला, जुलाब, अंगात कसकस, यांतलं काही असेल तरच.

मोकळी हवा

पत्र्याच्या खोलीबद्दल एक राहिलं. पंखा बसवायला भिंतीला भोक पाडताना पत्र्याच्या खाली किमान एक फूट विटा सोडा आणि बाहेरून तिरपी झडप लावून घ्या, नाहीतर वळवाच्या पावसात पाणी थेट मोटारीवर येईल. आतून जाळी हवीच. मुलांची बोटं पोहोचू नयेत म्हणून पंखा सात फुटांच्या वर ठेवा. गवंडी आणि वायरमन एकाच दिवशी बोलावले तर काम एका दिवसात होतं, रविवारी उरकून घ्या.